तुरीच्या दाण्याएवढी

नागपूरच्या नंदनवन कॉलनीतल्या कुठल्याही बारशाला शेषरावजी बाळाचं नाव विचारत नाहीत. आधी कान बघतात. मग निकाल देतात: कान आजीचे, कपाळ मामाचं, पायाचा अंगठा बापाचा. सदर भागातल्या एका फोटो स्टुडिओत त्यांची नोकरी लोकांचे चेहरे निरखण्यात गेली. निवृत्तीनंतर ती सवय शेजाऱ्यांच्या वाट्याला आली. एका घरी त्यांनी हनुवटीचा मालक सापडत नसल्याचं जाहीर केलं. तिथला कार्यक्रम लवकर आटोपला.

‘उगाच काईच येत नाई,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मागच्या वर्षी छातीत धडधड वाढली म्हणून धंतोलीच्या एका दवाखान्यात त्यांच्या हृदयाचा सीटी स्कॅन झाला. डाव्या अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीला तुरीच्या दाण्याएवढी पिशवी निघाली. डॉक्टर म्हणाले, जन्मजात वेगळेपण आहे, बऱ्याच जणांत आढळतं, अपाय काही नाही. शेषरावजींनी एकच विचारलं, हे कोणावर गेलं? ते सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. त्यांना ते पटलं नाही.

तेव्हापासून भेटेल त्याला ते फिल्म उजेडात धरून दाखवतात. दुसऱ्या कोणाचा स्कॅन झाल्याचं कळलं, की त्याची फिल्म बघायला मागतात. त्यांच्या पत्नी विमलताई म्हणतात, “लोकं नवी गाडी दाखवत हिंडतात, हे काळीज दाखवून राहिले.”

शेषरावजी मूळचे काटोलचे. पाळण्यात असतानाच नागपूरच्या दूरच्या काकांना दत्तक दिले गेले. इथे त्यांचं नाक कोणाशी जुळलं नाही. काटोलचे थोरले भाऊ देविदासजी उंच, लांबट चेहऱ्याचे. हे ठेंगणे, गोल. साऱ्या कॉलनीचे निकाल देणाऱ्या या माणसाने स्वतःच्या चेहऱ्याचा निकाल कधी दिला नाही.

या हिवाळ्यात देविदासजींच्या छातीत दुखलं आणि त्यांचाही तोच स्कॅन झाला. रिपोर्टच्या दिवशी शेषरावजी शेजारी म्हणून मला सोबत घेऊन गेले. भावाची काळजी आणि पिशवीची आशा, दोन्ही त्यांना एकाच वेळी आवरत नव्हत्या. बाकावर ते सारखे उठत-बसत होते.

देविदासजी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले. हृदय ठणठणीत आहे, म्हणाले. शेषरावजींनी सुटकेचा श्वास घेतला आणि त्यांची नजर भावाच्या हातातल्या फिल्मच्या पाकिटावर गेली.

“हाय ना गा,” देविदासजी म्हणाले. “तुह्यासारखीच. तुरीच्या दाण्याएवढी.”

शेषरावजींनी फिल्म घेतली, खिडकीशी धरली. ती जागा त्यांना डोळे मिटूनही सापडली असती. एव्हाना मलाही सापडत होती. भिंत तिथे अगदी गुळगुळीत होती.

त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. मग फिल्म नीट पाकिटात सरकवली.

“हो भाऊ, हाय,” ते म्हणाले. “मंग मायवरच गेलो आपण दोघं.”