दिवसाच्या आधी

मराठी मंडळाच्या दिवाळी पहाट कार्यक्रमात 'पहाट' या विषयावर बोलायला अच्युतरावांना बोलावलं, तेव्हा सगळ्यात जास्त हसल्या त्यांच्या पत्नी वसुधाताई. रिटायर झाल्यापासून अच्युतरावांनी पहाट पाहिलीच नव्हती. पण मंडळात इतकी वर्षं नुसत्या खुर्च्या मांडल्यावर बोलायची ही पहिलीच पाळी.

"ऐक तर! यिद्दिश म्हणून युरोपातल्या ज्यूंची भाषा आहे. तिच्यात पहाटेला फारतोग म्हणतात. फार म्हणजे आधी, तोग म्हणजे दिवस. दिवसाच्या आधीची वेळ! आपल्या अख्ख्या बरखेडा वसाहतीत कोणाला ठाऊक नसेल."

"आधी उठा, मग सांगा. मी कोरसमध्ये आहे, अंधारातच निघणार. तुम्हाला हलवत बसायला मला वेळ नाही."

म्हणून अच्युतरावांनी शेजारचा शांताराम, दूधवाला आणि गेटवरचा चौकीदार, तिघांनाही उठवायला सांगून ठेवलं. सकाळी घाई नको म्हणून अभ्यंगाचं तेल रात्रीच चोपडलं, कानांत कापसाचे बोळे घातले आणि झोपले.

पहाटे शांतारामने दार बडवलं. दूधवाल्याने कॅन वाजवली. चौकीदाराने शिट्टी फुंकली. क्वार्टरांची सगळी लाइन जागी झाली, अच्युतराव सोडून. शेवटी शांतारामने खिडकीतून टॉर्च मारला. चेहरा पिवळा, तेलकट. डोळे मिटलेले. कानांत कापूस.

"बाबूजी गए," म्हणत दूधवाल्याने डोक्यावरचा गमछा काढला.

लाइनीतले सगळे, होते त्या कपड्यांत, मंडळाच्या हॉलकडे धावले. तिथे कोरस गात होता, समोर रिकाम्या खुर्च्या.

"वहिनी, धीर धरा..." शांतारामने धापा टाकत सगळं सांगितलं.

वसुधाताईंनी ऐकून घेतलं. "घरघर ऐकू येत होती का?"

"हो. आम्हाला वाटलं, फ्रिज."

"आमचा फ्रिज महिनाभर बंद आहे. बसा सगळे." आणि त्यांनी पुढची ओळ उचलली.

आलेच होते, म्हणून सगळे बसले. दूधवालासुद्धा.

अच्युतराव पोचले तेव्हा उन्हं स्टेजवर आली होती. एका कानात बोळा तसाच. डोळे किलकिले करत त्यांनी सुरुवात केली, "फारतोग म्हणजे दिवसाच्या आधी..."

हशा त्यांना कापसातूनही ऐकू आला. तरी त्यांनी भाषण पुरं केलं. जाताना दूधवाला म्हणाला, "कल फारतोग में आऊँ, बाबूजी?" अच्युतरावांना भरून आलं.

तेवढ्यात मंडळाच्या सेक्रेटरी मंदाकिनीबाई आल्या. "हॉल पहिल्यांदाच भरला हो! पुढच्या वर्षीही तुम्हीच."

"मग दुसरा एखादा शब्द शोधून ठेवतो."

"छे, शब्द नको. तुम्ही फक्त झोपा. आणि कापूस विसरू नका."