शिवलेले शेवट

आमच्या कोऱ्हाळ्याच्या वाचनालयातून कादंबरी घरी आणली, की मला आधी दाढीचं पातं शोधावं लागतं. कारण शेवटची आठ-दहा पानं शिवलेली असतात. चिकटवलेली नव्हे, शिवलेली. मोकळ्या कडेला एका रांगेत जाड दोऱ्याचे टाके, आणि वर-खाली दोन कोपऱ्यांना दोऱ्याचे दोन कान. हे काम आमच्या शेजारच्या हमीदभाईचं.

हमीदभाईने उभा जन्म साखर कारखान्याच्या गोदामात पोत्यांची तोंडं शिवली. पुढे मशीन आली, पण मशीनचा टाका उसवला की हाक हमीदभाईलाच. हमालाला उचलायला पोत्याच्या दोन्ही टोकांना दोऱ्याचे कान काढतात. त्याच्याइतके सुबक कान कारखान्यात कुणाला जमत नव्हते, असं तो स्वतःच सांगतो. रिटायर झाला तरी हात गप्प बसेनात. आता कादंबऱ्या शिवतो. शेवट पसंत पडला नाही, की घाल टाके. आणि शेवट त्याला वर्षाकाठी एखादाच पसंत पडतो.

वाचनालयाच्या बाईंनी एकदा हटकलं, "हमीदभाई, हे पुस्तक आहे का पोतं?"

"खराब माल हाय, बाई. सांडला तर गावात रोगराई पसरंल."

बाईंनी पुस्तक जमा करून घेतलं. कादंबऱ्या नेणारी गावात आम्ही दोघंच. त्यातला एक कमी केला तर बाईंनी कुलूपच लावायचं.

सकाळी तो त्याच्या ओट्यावर वाचतो, मी माझ्या ओट्यावर मटकी निवडते. मुकाट वाचणं त्याला माहीत नाही. खुनाची कादंबरी असली की, "आक्का, सहाव्या पानावर सांगितलं व्हतं, माळ्यानं मारलंय. ह्या इन्स्पेक्टराला तीनशे पानं लागली! ह्याला उसाच्या काट्यावर बसवला तर गाडी कंची आन् बैल कंचा हेच इचारत बसंल." राजामहाराजांची असली की, "दुश्मन तटावर चढलाय आन् राजा आठ पानं बोलतोय. दुश्मनबी गुणाचा, भाषण संपस्तवर शिडीवर उभा." प्रेमाची असली की पुस्तक मांडीवर आपटतो. "पोरगी पुण्यात, पोरगा पुण्यात, दोघांकडं फोन. दोनशे पानं रडत्यात. आरं, लाव की फोन!" भुताची एक आणली होती. त्यात लाइट गेली की भूत यायचं. हमीदभाई म्हणाला, "आपल्याकडं ह्या भुताला जेवायलाबी सवड मिळाली नसती."

आणि सगळ्यांवर एकच शिक्का, "चिपाड हाय, चिपाड!"

खोटं का बोलू, इतपत माझंही मत तेच. मी चौथी शिकलेली, पण मला फसवणं सोपं नाही. एका कादंबरीत धनगराच्या मेंढ्या कोकरं घेऊन भरल्या नदीत आपण होऊन उड्या टाकतात. माझं माहेर निरवांगी, आमची दोनशे मेंढरं होती. मेंढी घोटाभर पाणी दिसलं तरी अडते. चार माणसांनी ढकलावी लागते. त्या लेखकाने मेंढी पाहिली असलीच तर ताटात पाहिली असेल.

पण कादंबरी भिकार असली तरी तिचा शेवट भिकार आहे हे मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या ना. त्यावरून आमची भांडणं.

"हमीदभाई, तुमाला कुणी नेमलंय?"

"मी रस काढून बघितलाय, आक्का. तुमी चिपाड कशाला चघळताय?"

"दात माझं हायत."

असा हा आगाऊ माणूस. मी पातं घेऊन टाके कापायची, वाचायची, आणि तसंच उसवलेलं पुस्तक वाचनालयात परत द्यायची.

त्याची बायको जुबेदाभाभी. साखरेच्या कारखान्यात नवऱ्याचा जन्म गेला आणि अंगातल्या साखरेने बायकोचे डोळे गेले. आता पायाची जखम भरेना, म्हणून सोमवारी बारामतीला पायाचं ऑपरेशन ठरलं होतं. सकाळी ओट्यावर वाचलेलं पुस्तक हमीदभाई दुपारी तिला वाचून दाखवायचा, हे मला माहीत होतं. बाजाराच्या दिवशी तो बाहेर गेला की तिच्यापाशी मी बसायची.

त्या बाजाराच्या दिवशी गेले तर भाभी म्हणाली, "आक्का, ती दवाखान्यातल्या म्हातारीची कादंबरी आता तुमच्याकडं हाय न्हवं? तेवढा शेवट वाचा की परत. चहाचं भांडण."

पुस्तक पिशवीतच होतं. टाके मी आदल्या दिवशीच कापले होते. वाचूनही झालं होतं. पण चहाचं भांडण मला आठवेना. त्यात म्हातारा खाली चहा प्यायला जातो, वर येतो, तर खाट रिकामी. चादरसुद्धा बदललेली. संपलं.

"कसलं भांडण?" मी विचारलं.

"असं काय करताय? म्हातारा तिच्यासाठी बिनसाखरेचा चहा आणतो, ती कप सरकावून देते, म्हणते, असलं गढूळ पाणी तूच पी. मग दोघं रिक्षानं घरी जाईस्तवर भांडत्यात."

मी शेवटचं पान उघडलं. उघड तोंडावर बोलणारी म्हणून माझी ख्याती. सुनांना विचारा. पण हिला सोमवारी टेबलावर घेणार होते, आणि माझ्या हातात ती चादर होती.

मी घसा खाकरला. "म्हातारा वर आला. त्याच्या हातात कप होता. म्हातारी म्हणाली, चहा गोड नाही. म्हातारा म्हणाला, बरं."

जुबेदाभाभी इतकी हसली की पलंग हलला. "न्हाय जमत तुमाला! ह्यांची म्हातारी कशी झ्याक शिव्या देती."

"म्हंजे तुला ठाव हाय?"

तिने हात पुढे करून पुस्तक घेतलं आणि कडेवरून बोट फिरवलं. "डोळं गेलं, बोटं न्हाय गेली. पुस्तक माझ्या उशाशीच असतं. टाके लागले की वळखायचं, आत कुणीतरी गेलंय. दुसऱ्या कुणी मला खरं वाचून दावू नये म्हणून शिवत्यात ते. सुरवातीला ह्यांच्या शेवटांत एकदोन मरणारी असायची. आता मेलं एकबी मरू देत न्हाईत."

"मग सांगत का न्हाईस?"

"सांगू नका तुमीबी. सोमवारी मला आत नेतील, आन् ह्यांनी बाहेर बाकड्यावर बसून करायचं काय? पुढचा शेवट रचत बसतील. तेवढाच जिवाला इरंगुळा." मग तिचं बोट रिकाम्या भोकांवर थांबलं. "तुमी उसवलंय हे. सोमवारच्या आत त्यांस्नी दिसायला नको, वाटंल मला खरं कळलं. आधीच पेलत न्हाय त्यांना."

घरी येऊन मी गोधडीची सुई काढली. आजवर एवढी पुस्तकं उसवली, शिवायला पहिल्यांदाच बसले. त्याच भोकांतून दोरा घातला, दोन्ही टोकांना गाठ मारून तोडला. त्याच्यापेक्षा माझे टाके सरळ आले, हे सांगायला हवं.

रविवारी संध्याकाळी हमीदभाई दारात. हनुवटीला दाढीचे खुंट, सदऱ्याचं एक बटन चुकीच्या काजात. "आक्का, ती कादंबरी द्या. दवाखान्यात संगं नेतो. ती म्हणती, तिकडं परत वाचून दावा."

मी पुस्तक दिलं.

"उसवलं न्हाय न्हवं?"

"तुमचं चिपाड चघळायला कुणाला येळ हाय?"

त्याने कडेवरून अंगठा फिरवला. वरच्या कोपऱ्याशी थांबला. मग खालच्या. मला वाटलं आता भांडणार, आणि खरं सांगते, भांडला असता तर बरं वाटलं असतं.

तो माझ्या ओट्यावर टेकला. खिशातून सुई काढली. डोळे पुसत होता, दोरा ओवता येईना, म्हणून मीच ओवून दिला.

"आक्का," तो म्हणाला, "कान काढायचं राहिलंय."