ठकूने ठासलेला बार

आमच्या गावचे हैबतीआबा कुणाच्याही घरी गेले की माणसांकडे बघायच्या आधी वर आढ्याकडे बघतात. हत्यारांचा सरकारी कायदा आला तेव्हा आमच्या भागातल्या पुष्कळ लोकांनी भीतीने बापजाद्यांच्या तलवारी आढ्यात, वाशांच्या आड, नाहीतर छपराच्या गवतात खुपसून ठेवल्या. ठेवणारे मरून गेले, तलवारी तिथेच राहिल्या. त्या शोधण्यात आबांचा जन्म गेला.

एकदा ते पुतण्यासाठी मुलगी बघायला पारगावला गेले. मुलगी पाटावर येऊन बसली, नाव सांगून झाले. तिच्या बापाने हात जोडून विचारले, "मंग, कसं काय वाटतंय पावणं?"

आबा वर बघतच म्हणाले, "पातं झ्याक हाय. जरा गंज चढलाय, पर घासला की निघंल."

मुलगी मिळाली नाही. तलवार मिळाली.

लेण्याद्रीला सगळे लोक भक्तीने जातात. आबाही जाऊन आले. मी विचारले, "कसं काय दर्शन झालं?" तर म्हणाले, "देव लई मोठा. पर डोंगर कोरून देऊळ क्येलंय. आढंच न्हाई!"

घोडेगावच्या बाजारात पेमराज शेठ जुने लोखंड विकत घेतात. त्यांच्या ढिगात हात घालून आबा गंजकी कट्यार, मोडका दांडपट्टा, भाल्याचे फाळ उपसून काढत आणि बदल्यात बाजरी देत. शेठ त्यांना चिडवीत, "आबा, ह्या तलवारीचे लोहाराकडून दोन चांगले विळे होतील."

"शेठ, तुमच्या देवाची मूर्ती वितळवली तर तपेलं व्हईल. वितळवता का?"

शेठ कानांना हात लावीत आणि तलवार देऊन टाकीत.

आबांना परवाना होता तो फक्त दोन बंदुकांचा, तोही रानडुकरांच्या नावाने. बाकीची हत्यारे गावाने कधी पाहिलीच नाहीत. खंडेनवमीला ती पाटावर मांडून आबा पूजा करीत तेव्हा पोलीसपाटील समोर बसून प्रसाद खात, पण त्यांनाही ती दिसत नसत.

दोन्ही बंदुका ठासणीच्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी सारायची, गोळी सोडायची आणि गजाने ठासायची. "आदी दारू, मंग चिंधी, मंग गोळी. उलटं क्येलं की बार फुसका," हे आबांचे ब्रह्मवाक्य. लग्नात वाढायला उशीर झाला तरी तेच आणि सासू-सुनांचे भांडण सोडवतानाही तेच. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. पुण्याला निघालो तेव्हा सगळ्यांनी उपदेश केला, आबांनी एवढेच सांगितले. त्याचा अर्थ मला पहिले वर्ष संपेपर्यंत कळला नाही. आताही कळला आहे असे खात्रीने सांगवत नाही.

शिकारीचे म्हणाल तर आबांची बंदूक भरून होईपर्यंत डुक्कर रताळ्यांचा वाफा उरकून निघून गेलेले असे. मग आबा त्याच्या मागे एक बार काढीत. "समजलं पायजेल त्याला, की घरधनी जागा हाय."

हे सारे पहिल्या बंदुकीचे. दुसरी ओसरीच्या भिंतीला टांगलेली असे. ती भरलेली होती आणि आबा ती उडवीत नसत. बसायला येणारे लोक तिच्या तोंडाची बाजू सोडून बसत. ती आबांच्या मुलीने, ठकूताईने, भरली होती.

तरुणपणी एक बार उलटला तेव्हा आबांची दोन बोटे गेली. पुढे बंदुका भरायचे काम ठकूताईकडे आले. आई तिला नव्हतीच. तिच्या वयाच्या मुली सागरगोटे खेळत, तेव्हा ही दारूचे शिंग मांडीवर घेऊन बसे. तिच्या हातचा बार कधी फुसका गेला नाही. सासरी गेल्यावरही ती दसऱ्याला येई. तिची सासू म्हणे, "आमची सून म्हायेरपणाला जाती का लढाईला, तेच कळंना."

प्लेगच्या साली ती अशीच आली. खंडेनवमीच्या संध्याकाळी तिने ही बंदूक भरली, दुसऱ्या दिवशी शिवेवर सोने लुटताना उडवायची म्हणून. सकाळी तिला ताप होता. गावातही उंदीर पडू लागले होते. सारे गाव घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहिले. झोपडीतून ठकूताई परत आली नाही.

पुढे आबा माझ्या आईजवळ एकदाच बोलले. "वैनी, सरकारी मानसांनी तिची लुगडी जाळली, हातरूण जाळलं. पोरीच्या हातचं काय बी ठिवलं न्हाई. ह्ये तेवढं नळीत व्हतं म्हून वाचलं."

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी होतो तेव्हा दवंडी पिटली गेली. परवान्याच्या बंदुका घोडेगावच्या कचेरीत आणून तपासून घ्यायच्या, आणि रिकाम्या आणायच्या. आबा सकाळीच आमच्या दारात आले. "सदा, तू विंग्रजी शिकलास. माज्या वतीनं तूच बोल."

बंदूक घरीच ठेवून आम्ही निघालो. वाटेने मी वाक्ये जुळवीत होतो. कचेरीत महालकरी साहेबांपुढे उभा राहिलो आणि त्यांतले एकही आठवेना.

"रावसाहेब, ह्यांची एक बंदूक भरलेली आहे."

"मग बार काढून टाका आणि घेऊन या."

"पण ती... ती ह्यांच्या मुलीने भरलेली आहे."

"बरं, मग?"

आबाच पुढे झाले. "सायेब, ती तुमी ठिवून घ्या. पुना मागनार न्हाई. पर भरल्याली ठिवा. रिती करू नका."

महालकरी वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाबा, इथे माणसं बसतात. भरलेली बंदूक मी कुठे ठेवू? पुढच्या बाजारापर्यंत वेळ देतो. रिकामी करून आणा."

परत येताना आबा म्हणाले, "उडवली तर धूर व्हऊन जाईल. गजाला पेच लावून गोळी-दारू काढली तर हातात तरी ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी अंगणात सतरंजी घातली. बंदुकीचा दस्ता मी दोन्ही गुडघ्यांत धरला. टोकाला पेच असलेला गज आबा नळीत फिरवू लागले. मला भीती वाटत होती. तरी मी घट्ट बसलो. गोळी निघाली. ती त्यांनी धोतराला पुसून बाजूला ठेवली. पुन्हा पेच घातला, तशी चिंधी आली. हिरव्या खणाची पट्टी होती. नळीत राहिल्याने तिचा रंग अजून टवटवीत होता.

आबा हसले. "येडी! नव्या खणाची कड फाडली बग. मीच आणलावता जुन्नरच्या बाजारातनं."

मग दारूसाठी त्यांनी देवघरातले ताम्हण आणून ठेवले आणि नळी त्यावर उपडी केली. काही पडले नाही. हलके ठोकली. तरीही नाही. दारू दगड झाली असेल म्हणून त्यांनी गज आत सोडला. तो ठण्ण करून तळाच्या लोखंडावर आपटला.

त्यांनी दोनदा तसेच करून पाहिले.

"दारूच घातली न्हाई," ते म्हणाले.

काहीतरी बोलायला हवे असे मला वाटले. मी म्हणालो, "आबा, ताईने मुद्दाम घातली नसेल. ही नळी कधीतरी फुटेल, तुम्हाला पुन्हा इजा होईल, म्हणून."

"नळी धडधाकट हाय रं. तिला म्हाईत व्हतं ते." त्यांनी पट्टी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "तू शिकलास, पर खोटं बोलाया न्हाई शिकलास. पोरगी इसरली. जी कंदी इसरली न्हाई, ती. म्हंजी त्या सांजेलाच तिच्या अंगात ताप व्हता. डोकं चालत नसंल तिचं. आन् मी हितं बसून म्हनत व्हतो, आटप ठके, दिवं लागायची येळ झाली. येक डाव कपाळाला हात लावला असता तर..."

त्यांनी पट्टी ताम्हणात ठेवली.

कचेरीत बंदूक तपासून झाली, परवाना पुढे चालू राहिला. आबांनी ती अजून भरलेली नाही. गाव म्हणते, आबांना नवे वेड लागले. कुणाची लेक माहेरी आली की ते दारात जाऊन उभे राहतात. "वाक गं जरा," म्हणतात आणि तिच्या कपाळाला हात लावून बघतात. पोरी तोंडाला पदर लावून हसतात. बाजारात त्यांनी पेमराज शेठलासुद्धा सोडले नाही. "हैबतीआबा आता वैद्य झाले," असे शेठ गिऱ्हाइकांना सांगत असतात.

सुट्टी संपवून मी पुण्याला निघालो तेव्हा आबा गाडीपाशी आले. मी खाली वाकलो. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. गाडीवान खोळंबला होता, बैल मान झटकत होते. आबांनी पुष्कळ वेळ हात काढला नाही. मग म्हणाले, "थंड हाय. जा."