फेटा, जळगाव ते दोंडाईचा

माझी मान चार दिवस वळत नाही, आणि याला कारण माझंच एक पोस्टकार्ड.

मी जळगावात कारकून. डोक्यावर काळी टोपी. मेहुण्याच्या साखरपुड्यात आमचे सासरे उखर्डूआबा दहा माणसांत म्हणाले, "जावईबापू, टोपी म्हंजे कारकुनना डोकावरनं झाकन!" मला ते फार लागलं. लग्नाची तारीख कळताच मी आबांना लिहून टाकलं, 'फेटा घालून येतो. हल्ली माझा मीच बांधतो.' (साफ खोटं. मला धोतराचा कासोटासुद्धा दुसऱ्या खेपेला जमतो.)

कार्ड पेटीत पडलं आणि मला घाम फुटला. आमच्या सौभाग्यवती लताबाई काही सांगायला आल्या, तर मी खेकसलो, "बायकांनी फेट्यात पडू नये."

लग्नाच्या दिवशी पहाटे शेजारच्या छगननानांनी माझ्या डोक्यावर फेटा बांधून दिला. "मान हलवू नका. सुटला तर दोंडाईच्याला मी नाही," असं बजावलं.

आम्ही दोघं गाडीत बसलो. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, शिंदखेडा गेलं. मी ताठ. टेकायचं नाही, वाकायचं नाही, डुलकी तर नाहीच. चहासुद्धा कप वर नेऊन प्यायचा. समोरच्या म्हाताऱ्याने बराच वेळ बघून विचारलं, "तुम्ही पोलिसमा शेतस का?" नाही म्हणायलाही मान हलवता येईना.

दारातच आबांनी विचारलं, "कोणी बांधा?"

"मीच."

"वा! मंग नवरदेवना बी तुम्हीच बांधा!" त्यांनी माझ्या हातात नवं कापड दिलं आणि आम्हाला आतल्या खोलीत ढकललं.

पहिल्या फेरीत नवरदेवाचा कान दुमडला. दुसरीत त्याचे डोळे झाकले गेले. बाहेर वाजंत्री सुरू झाली. शेवटी मी माझाच फेटा अख्खा उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. चपखल बसला! त्याला बाहेर पाठवलं, आणि मग लक्षात आलं की लग्नघरात जावई बोडका उभा आहे.

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. माझ्याकडे पाहिलं, दाराला कडी घातली, "बसा," म्हणाल्या आणि पान लावायला लागतो तेवढ्या वेळात ते नवं कापड माझ्या डोक्यावर बांधून मोकळ्या झाल्या.

"आबांना सांगू नका हो," मी काकुळतीला आलो.

"त्यासले काय सांगाना? तीस वरीस व्हई गयात, त्यासना फेटा मीच बांधस." मग जाता जाता म्हणाल्या, "लतालेबी बांधता येस. तिनी सांगं नही का तुमले?"

मांडवात आबा ज्याला त्याला दोन्ही फेटे दाखवत होते. मी कसाबसा हसत होतो.

परतीच्या गाडीत मी मान टाकली आणि मेल्यासारखा झोपलो. जळगावला जाग आली तेव्हा शेजारचे प्रवासी सांगत होते, तुमचा फेटा नरडाण्यालाच सुटला होता. डोक्याला हात लावला, तर पुन्हा बांधलेला. तोही छगननानांपेक्षा झकास.

"आधी का नाही सांगितलंस?" मी हिला विचारलं.

"बायकांनी फेट्यात पडू नये ना," ही म्हणाली आणि लग्नातली भरलेली ट्रंक उचलून माझ्या डोक्यावर ठेवली. "चला. चुंबळ बांधलेलीच आहे."