शालिकभाऊंच्या दिव्याची दोरी

आमच्या गल्लीत लोक वर बघून चालतात. नागपूरचं ऊन माहीत असलेला माणूस म्हणेल, हे कसलं वेड? पण वर बघितलं नाही तर डोक्यात दिवा पडतो. कोपऱ्यावरच्या घराच्या गच्चीवरून शालिकभाऊ मेश्राम दिवे खाली टाकत असतात. टाकण्याआधी "सरका गा बाजूले" असं ओरडतात, हे खरं. पण ओरडणं आणि दिवा साधारण एकाच वेळी पोचतात.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. मी नवीन राहायला आलो होतो आणि माझ्या स्कूटरच्या सीटवर काहीतरी धपकन आदळलं. भांडायच्या तयारीने वर बघितलं, तर डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेले एक गृहस्थ कठड्यावरून वाकून विचारत होते, "जळून राहिला का?" मला लागलं का, स्कूटरचं काय झालं, ही चौकशी नाहीच. दिवा शहाण्यासारखा जळत होता. "मंग ठीक," म्हणून ते आत निघून गेले.

शालिकभाऊ आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवायचे. जन्मभर पोरांना तारा जोडायला शिकवल्या आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोक्यात आलं, जिथे तार पोचत नाही तिथल्या माणसाचं काय? आणि पोचलेली तार वादळात पडली तर? तेव्हापासून उन्हावर चालणारा, मुठीत मावणारा आणि घेताना गरिबाला विचार करावा लागू नये असा दिवा बनवणं हा एकच ध्यास. पहिले दिवे साबणाच्या डब्यांत बनवलेले होते. ते फेकून झाले, बादलीत बुडवून झाले, मे महिन्यात पत्र्यावर भाजून झाले. मग गाय दोहणाऱ्या बाईचे दोन्ही हात अडकलेले असतात हे सुचलं, तेव्हा दिवा दातात धरता येतो का ते बघायला भाऊ आठवडाभर तोंडात दिवा धरून फिरले. त्या आठवड्यात ते गल्लीत सगळ्यांशी नेहमीसारखंच बोलत होते. समजून घ्यायची जबाबदारी आमची.

"माणूस सुधरत नाही गा, दिवा सुधरवा लागते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते पारशिवनीकडच्या एका आजीवरून निघालं. भाऊंनी तिच्या पाड्यावर दिवे वाटले होते. काही दिवसांनी चौकशीला गेले, तर आजीचा दिवा बंद. बघतात तो दिवा देव्हाऱ्याशेजारी, वर विणलेला रुमाल. आजी म्हणाली, उन्हात ठेवून ठेवून काळा पडून राहिला होता बिचारा, म्हणून सावलीत आणला. पॅनेल मुळातच काळं असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी असतो तर कपाळावर हात मारला असता. भाऊ तिथेच बसून विचार करत राहिले, आणि पुढच्या दिव्यापासून पॅनेलच्या कडेला पापडाचं चित्र आलं. जिथे पापड-कुरडया वाळतात तिथेच दिवा ठेवायचा. आता आजी दोन्हींची राखण करते.

एवढा सुधारलेला दिवा, पण त्याची दोरी मात्र कापडाची. गळ्यात अडकवायला, खुंटीला टांगायला प्रत्येक दिव्याला एक तिपेडी दोरी असते. भाऊ ती त्यांच्या बायकोच्या, कुसुमवहिनींच्या जुन्या साड्यांची वळतात. वहिनी जाऊन काही वर्षं झाली. मुलगी पुण्याला असते. गल्लीत घरोघरी भाऊंचा दिवा आहे आणि आम्ही दोऱ्या ओळखतो, ही वहिनींची हिरवी, ही दिवाळीतली लाल. उन्हापावसात कापड विरतं आणि वर्ष-दीड वर्षात दोरी तुटते. मग दिवा घेऊन भाऊंकडे जायचं. पाच मिनिटांचं काम, पण भाऊ आधी चहा ठेवणार, पोरांच्या परीक्षा विचारणार, मध्येच दोरी उकलून पुन्हा वळणार. तासभर गेला तरी सुटका नाही. मी घरी येऊन बायकोजवळ कुरकुरायचो.

मागच्या उन्हाळ्यात कळमेश्वरचा एक कारखानदार आला. पूर येणाऱ्या गावांत आधीच वाटून ठेवायला त्याला हाच दिवा हवा होता, हजारोंनी. त्याने सगळं तपासलं, खूश झाला. अट एकच घातली, दोरी नायलॉनची पाहिजे. कापड पाण्यात कुजतं. विचार करून सांगतो, एवढंच म्हणून भाऊंनी त्याला वाटेला लावलं.

मला राग आला. पापडासाठी दिवा बदलणारा माणूस दोरीसाठी अडून बसतो म्हणजे काय? तडक वर गेलो आणि सुनावलं, "भाऊ, नायलॉन जन्मभर टिकते. लावून टाका ना."

"टिकते, मले काय माहीत नाही?" भाऊ म्हणाले. "म्हणूनच लावत नाही. दोरी नाही तुटली तं माह्या घरी येईन कोण?"

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. भाऊंनी हातातली दोरी वळून संपवली, गाठ मारली आणि मला देऊन टाकली.

त्यानंतर गच्चीवर पाण्याची बादली दिसू लागली. एका दिव्याला साडीची दोरी, दुसऱ्याला नायलॉनची, दोन्ही बुडवलेले. भाऊ रोज दोऱ्या ओढून बघत. पंधरवड्याने साडीची दोरी तुटून हातात आली. त्या दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "पुरात झाडावर बसलेल्या माणसाले माह्यासंगं चहा नाही प्यायचा गा. त्याले दिवा पायजे." आणि कळमेश्वरला होकार कळवला.

तिथेही थांबले नाहीत. एका दिव्याला दोन न्याय नकोत म्हणून गल्लीतल्या घराघरांत जाऊन सगळ्यांच्या दोऱ्या काढल्या आणि नायलॉनच्या लावून दिल्या. काढलेल्या दोऱ्या पिशवीत घालून घेऊन गेले.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. कुणाची दोरी तुटली नाही. भाऊंनी गच्चीवरून दिवे टाकणंही सोडलं, कारण आता तपासायचं काही उरलं नव्हतं. लोक अजून सवयीने वर बघत चालायचे, आणि वर कुणी नसायचं. कधी नव्हे ते मला त्या "सरका गा" ची आठवण येऊ लागली.

एका रविवारी सकाळी मी बायकोची शिवणाची कात्री घेतली. नायलॉन चिवट, दोनदा दाबावी लागली. बायकोने बघितलं आणि कात्री परत जागेवर ठेवली. दिवा घेऊन मी भाऊंकडे गेलो आणि दोरी तुटली म्हणून सांगितलं.

भाऊंनी चष्मा लावला, दोरीचं टोक उजेडात धरलं. कापलेलं टोक सरळ होतं. पोरांना वायरमनचं काम शिकवण्यात ज्याची हयात गेली त्याला तुटलेलं आणि कापलेलं वेगळं कळणार नाही, अशी माझीही समजूत नव्हती. मी खाली बघितलं. टेबलावर समोरच्या वाकोडेकाकूंचा दिवा होता, आणि त्याच्या बाजूला दूधवाल्या रमेशचा. दोन्हींच्या दोऱ्या तुटलेल्या, दोन्हींची टोकं सरळ.

"नायलॉनचं काही खरं नाही गा," भाऊ म्हणाले. चष्मा काढून पुसत बसले, बराच वेळ. मग स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि तिथूनच विचारलं, "तुह्या वहिनीची जांभळी आहे अजून. तेच लावू का?"