घरच्या घरी विचारशक्ती

विमा कार्यालयातल्या एका अधिकाऱ्यांनी आपल्या मुलीला शाळेतून काढले. शाळेत नुसती घोकंपट्टी होते, मुळातली विचारशक्ती कच्चीच राहते, असे त्यांचे अभ्यासपूर्ण मत होते. सबब घरीच वर्ग सुरू झाला. जेवणाच्या टेबलाला अध्ययन केंद्राचा दर्जा मिळाला आणि जेवण सोफ्यावर हलवण्यात आले.

आईकडे स्मरणशक्ती व एकाग्रता ही खाती आली. तर्क बाबांनी स्वतःकडे ठेवला. स्मरणासाठी सराव ठरला: घरात दिवसभर बोललेले सगळे शेवटाकडून सुरुवातीकडे म्हणून दाखवायचे. मुलगी रमली. शाळेचे नाव काढताच ती पलंगाखाली लपायची, ते थांबले. बाबा शेजाऱ्यांना जिन्यात गाठून तिची प्रगती ऐकवू लागले.

आत्या राहायला आली तेव्हा प्रात्यक्षिक होणे ओघानेच आले.

"कालचं म्हण बघू," बाबा म्हणाले.

मुलीने डोळे मिटले. "आई म्हणाली, चार दिवसांच्या वर मी सहन करणार नाही. बाबा म्हणाले, ठेवून तर घ्यावंच लागेल, सख्खी बहीण आहे. आई म्हणाली, परत येतेय का ती?"

आत्याने कप खाली ठेवला आणि बॅग उचलली. स्मरण खाते तत्काळ स्थगित झाले.

एकाग्रता मात्र चालू होती. एका सकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, ऑफिसचा फोन चालू होता तेवढाच वेळ तुम्ही खोकलात. खोटं बोलू नये असं तुम्हीच शिकवलंत. मग एकतर नियम चुकीचा, नाहीतर तुम्ही. कुठलं धरू?"

तर्क खात्याने फाईल बंद केली. त्याच आठवड्यात तिला पुन्हा शाळेत नेले.

"काय तक्रार आहे?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले.

बाबांनी आवाज खाली आणला. "विचार करते."

"घाबरू नका. लवकर आणलंत. इथे सगळ्यांचं उतरतं."

मुलीने आईचा हात घट्ट धरला. तिला रडू फुटत होते. "पण माझं चुकलं काय?"

"प्रश्न आम्ही विचारतो, बाळ," बाई मायेने म्हणाल्या आणि तिला वर्गात घेऊन गेल्या.

वर्षभरात गुण आला. आता ती काही विचारत नाही, वर्गात पहिली येते. आत्याही पुन्हा राहायला येऊ लागली आहे.

वाचकांनी उगाच हळहळू नये. आपणही लहानपणी हाच उपचार घेतलेला आहे. त्याआधी आपण घरात काय काय विचारायचो, आठवून बघा. आठवत नाही ना? म्हणजे गुण पक्का आहे.