पुस्तकातला पूल

पुस्तक छपाईला जायच्या आदल्या दिवशी प्रकाशनाच्या मालकांनी शेवटचा फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि त्यातली अखेरची चार पानं कोरी असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. कोरं पान पाहिलं की मालकांचं रक्त आटायचं. फॉर्म म्हणजे सोळा पानांचा एक ताव. छापा नाहीतर छापू नका, कागद तेवढाच लागतो.

"काका, यात काहीतरी भरा," मुद्रितशोधकांच्या टेबलावर प्रुफं ठेवत ते म्हणाले.

मुद्रितशोधकांना कचेरीत सगळे अनुस्वारकाका म्हणत. निसटलेल्या अनुस्वारांखेरीज ते आयुष्यात कशाच्याही मागे धावले नव्हते. पुस्तक होतं माउंटन बाइकच्या वाटांचं. एक वाट समुद्रकाठची, एक रानातली, एक डोंगरातली. ते लिहिणारा सायकलपटू हस्तलिखित हातावर ठेवून कुठल्याशा घाटात निघून गेला होता आणि तिथं फोन लागत नव्हता.

"मी काय भरणार? मला साधी सायकल येत नाही."

"तुम्हाला कुठं चालवायचीय? लिहायचीच आहे ना."

काकांना नाही म्हणणं कधी जमलं नव्हतं. त्यांनी नकाशा पसरला आणि संध्याकाळपर्यंत चौथी वाट लिहून काढली. समुद्रापासून ती उचलली, रानातून नेली आणि टेकडीवर चढवली. मधे ओढ्याची खोल घळ आडवी आली. काका जरा थांबले, मग त्यांनी घळीवर एक लाकडी पूल टाकला. त्यानंतर त्यांचा हात सैल झाला. पुलापलीकडे त्यांनी चहा मिळणारं घर बांधलं आणि घरासमोर कुत्रा ठेवला. 'कुत्रा भुंकतो, पण घाबरू नये, बांधलेला असतो,' हेही लिहिलं, कारण कुत्र्यांना ते स्वतः घाबरत. आणि पुलाबद्दल एक सूचना दिली: 'वळण संपताच पूल लागतो. ब्रेक न दाबता बेधडक जावे.'

मनाला थोडं टोचलं. पण शेवटची पानं वाचतंय कोण? त्या प्रकाशनाचं प्रत्येक पुस्तक शेवटपर्यंत वाचणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याला त्याचा पगार मिळत होता.

पुस्तक खपलं. पहिला धक्का काकांना तिथंच बसला, कारण त्यांनी तपासलेलं पुस्तक सहसा खपत नसे. दुसरा धक्का असा की, जो तो चौथ्या वाटेबद्दलच बोलत होता. मग घाटातून सायकलपटू परतला. आता बिंग फुटणार म्हणून काका त्याच्या सत्काराला शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले. सायकलपटूनं माइक हातात घेतला आणि सद्गदित होऊन म्हणाला, "तीन वाटा मी शोधल्या. चौथीनं मला शोधलं."

काकांच्या हातातला चहा बशीत उतरला. खोटं बोलणारे आपण एकटेच नाही, याचा त्यांना दिलासा वाटायला हवा होता. तसं काही झालं नाही.

दुसरी आवृत्ती ठरली आणि त्याच आठवड्यात मालकांची धाकटी लेक कचेरीत आली. तिला सगळे छोटी म्हणत. ती काकांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसली. लहानपणापासून ती तिथंच बसायची.

"काका, रविवारी मी चौथी वाट करतेय."

काकांनी पेन खाली ठेवलं. "कोणाबरोबर?"

"एकटी. पुलाचं वळण तोंडपाठ आहे. ब्रेक न दाबता बेधडक."

"जरासा दाबलास तर चालेल, बाळ."

"पुस्तकात तर नको म्हटलंय."

"पुस्तकात चुका असतात."

"तुमच्या हातून गेलेल्या पुस्तकात?" छोटी हसली. "काका, तुम्ही पण ना."

ती गेली. काका मालकांच्या खोलीच्या दारात तीनदा जाऊन परत आले. पहिल्यांदा मालक फोनवर कागदाचा भाव करत होते. दुसऱ्यांदा जेवत होते. तिसऱ्यांदा ते मोकळे होते, त्यामुळे काकांना धीरच झाला नाही. रविवारी सकाळी मात्र ते न जेवता, न खाता मालकांच्या घरी पोचले.

"छोटी कुठाय?"

"उजाडताच गेली. का हो?"

"मालक, तो पूल नाहीये."

"पडला?"

"नाही. नव्हताच. मी टाकला."

"तुम्ही? कशानं?"

"पेनानं."

मालकांच्या हातातला चमचा तसाच राहिला. छोटीचा फोन लागेना. पुढच्या मिनिटाला मालक गाडी चालवत होते आणि काका शेजारी बसून दाराची कडी घट्ट धरून होते.

"पूल टाकलात ते टाकलात," अखेर मालक म्हणाले. "ब्रेक दाबू नका, हे कशाला लिहिलंत?"

"पान भरायला एक ओळ कमी पडत होती."

मालकांनी गाडीचा वेग आणखी वाढवला.

रान सुरू झालं तिथं सडक संपली. "पूल नाहीये! छोटे, थांब, पूल कधी नव्हताच!" असं ओरडत काका गाडीतून उतरले. आपला आवाज एवढा मोठा आहे, हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं. समोर झाडाला हिरवी पाटी ठोकलेली होती. तीवर बाण होता आणि बाणाखाली लिहिलं होतं: चौथी वाट. काका पाटीकडे पाहत राहिले. तीत शुद्धलेखनाची चूकसुद्धा नव्हती.

"पळा," मालक म्हणाले.

दोघं धापा टाकत चढले. वाट चांगली रुळलेली होती, चाकांच्या खुणा ताज्या होत्या. वळण आलं, काकांनी लिहिलं होतं तसंच, डावीकडे झुकणारं. काकांनी डोळे मिटले. ते उघडले तेव्हा समोर घळ होती, घळीवर लाकडी पूल होता आणि पुलापलीकडे छोटी बाकावर बसून चहा पीत होती.

"बाबा? तुम्ही इथं कसे?"

मालक मटकन खाली बसले.

पुलाशी वनखात्याचा रखवालदार उभा होता. काकांनी त्याला अडखळत विचारलं, "हा पूल... कधीपासून आहे?"

"हा नवा. आधीचा गायब झालाय."

"आधीचा कुठला?"

"पुस्तकातला. लोक सायकली खांद्यावर घेऊन झाडीतून वर यायचे आणि मलाच विचारायचे, पूल कुठंय? येऊन येऊन वाट पडली, पण पूल काही सापडेना. साहेबांनी वर कळवलं, पूल बेपत्ता. वरून उलट विचारणा आली, अख्खा पूल जातोच कसा? चौकशी बसणार होती. चौकशीपेक्षा पूल बांधणं स्वस्त पडलं."

मालक हळूहळू उठले. त्यांनी पायानं फळ्या दाबून पाहिल्या आणि मग काकांकडे पाहिलं. "काका, थट्टेलाही वेळकाळ असतो. मी नाश्ता टाकून आलोय."

"थट्टा नव्हे, मालक. मी खरंच..."

"पुरे आता. वय झालं तुमचं." असं म्हणून ते पूल ओलांडून लेकीचं नवं हेल्मेट पाहायला गेले.

काका जपून पूल ओलांडू लागले. दोनदा त्यांनी कठड्याला हात लावून पाहिला. पलीकडे पाय ठेवताच एक भला मोठा कुत्रा भुंकत अंगावर आला आणि काका जागच्या जागी गोठले.

"घाबरू नका, बांधलेला आहे," चहावाली बाई घरातून बाहेर येत म्हणाली. "खालच्या वस्तीतून मागून आणलाय. काय करणार? लोक यायचे, पुस्तक उघडायचे आणि म्हणायचे, कुत्रा नाही म्हणजे हे घर ते नव्हे. चहा न घेताच निघून जायचे."

"आणि घर?"

"पूल झाल्यावर बांधलं. पुस्तकात होतं म्हणून." तिनं काकांच्या हातात पेला दिला आणि त्यांच्या खिशातल्या लाल पेनाकडे बघितलं. "तुम्हीच ना ते?"

"कोण?"

"मघाशी खालून ओरडत होता, पूल कधी नव्हताच म्हणून. इथं सगळ्यांना वाटतं, होता आणि गेला. नव्हताच हे लिहिणाऱ्याखेरीज कुणाला ठाऊक असणार?"

काकांचा चहा पुन्हा बशीत उतरला असता, पण इथं बशी नव्हती. त्यांनी मान खाली घातली. बाईनं मालकांकडे एक नजर टाकली आणि ती जवळ सरकली.

"काका, ओढा उन्हाळ्यात आटतो. पाणी पार खालून आणावं लागतं. पुढच्या छपाईत इथं एक नळ लिहाल का?"

काकांनी घराकडे, कुत्र्याकडे आणि पुलाकडे पाहिलं. मालक बाकाजवळून हाका मारत होते.

"पानं उरली तर बघतो," ते पुटपुटले.

"उरतील," बाई म्हणाली. "आणि नळाला दिवसभर पाणी असतं, हेही नीट लिहा. नाहीतर नुसताच नळ बसवतील."